सेट ट्रिगर दर वर्षी का बिघडतो: जुन्या सिंगल-शॉट रायफलीचा दुहेरी चाप ओळखणे, खोलणे आणि परत बसवणे

तक्रार साधारण अशी असते. एका नळीची जुनी रायफल, चाप मात्र दोन. मागचा चाप ओढला की 'टक्' वाजायला हवं आणि मग पुढच्याला नुसतं बोट लागलं की घोडा (हॅमर) पडायला हवा; हाच सेट ट्रिगर. प्रत्यक्षात मागचा चाप ओढून धरतच नाही. किंवा धरतो, सुटतो, पण घोडा जागचा हलत नाही. किंवा घोडा अर्ध्या खाचेत (अर्धवट चढलेला घोडा धरणाऱ्या खाचेत) जाऊन अडकतो. किंवा घोडा पूर्ण चढवला तरी वर टिकत नाही. मग कुणीतरी दोन चापांमधला बारीक स्क्रू पिरगाळतं, चाप चालायला लागतो, सगळे खूश. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

सातारा-सांगली भागात ही तक्रार ऋतू बघून येते. पाटण, महाबळेश्वरकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत दस्त्याचं लाकूड फुगतं. खंडेनवमीला शस्त्रं बाहेर निघतात, तेल लागतं, हळद-कुंकू वाहिलं जातं आणि त्यातलं थोडं चापाच्या फटीतून आत जातं. थंडीत खोबरेल थिजतं. एप्रिल-मे महिन्यांत जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत तेच लाकूड आकसतं. चापाचं स्वतःचं यंत्र यातल्या बहुतेक वेळी शाबूत असतं. बिघाड लाकडात, तेलात किंवा घोड्याच्या पोटातल्या एका चिमुकल्या तुकड्यात असतो आणि शिक्षा होते स्क्रूला. म्हणून या सगळ्या कामाचा एकच क्रम: आधी प्रकार ओळखा, मग घाण काढा, मग लाकूड बघा, मग फ्लाय (तोच चिमुकला तुकडा) बघा, स्क्रूला हात सगळ्यात शेवटी.

कायद्याचं आधी सांगून टाकू. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. कलम ४५ मधली जुन्यापुराण्या शस्त्रांची सूट फक्त अशा शस्त्रांना आहे, जी दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाहीत. चाप नीट केला की चालणारी रायफल या सुटीत बसत नाही, मग ती आजोबांच्या आजोबांची का असेना. तेव्हा मालकाने किंवा संग्रहालयातल्या माणसाने ओळख पटवावी, फोटो आणि नोंद ठेवावी. खोलण्याचं काम परवाना असलेल्या कारागिराकडेच. खालचा मजकूर त्या कारागिरासाठी आणि त्याच्याकडून काम नीट करून घेणाऱ्यांसाठी आहे.

आणखी एक. हात लावण्याआधी ब्रीच (नळीचं मागचं तोंड) उघडून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने बघा, करंगळीने चाचपा. ठासणीच्या रायफलीला असाच दुहेरी चाप असेल तर गज नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तीच लांबी नळीच्या बाहेर धरून बघा. गज पार मागच्या टोकापर्यंत पोहोचत नसेल तर आत बार भरलेला असू शकतो. वाड्यातल्या भिंतीवर टांगलेली ठासणीची बंदूक भरलेली निघणं ही अजिबात नवलाची गोष्ट नाही.

कोणता प्रकार आहे ते ओळखणे

एका नळीला दोन चाप म्हणजे जवळजवळ नक्की सेट ट्रिगर. दोन नळ्यांना दोन चाप असतील तर ते नळीमागे एक. तिथे हा विषय नाही. (जर्मन तीन-नळ्यांच्या बंदुकीत मात्र पुढचा चाप बऱ्याचदा ढकलून सेट होणारा असतो, हे लक्षात असू द्या.) एकच चाप असेल आणि त्याच्या मागे किंवा त्याच्यातच बारीक स्क्रूचं डोकं दिसत असेल, तर घोडा चढवून चाप अंगठ्याने हलकेच पुढे ढकलून बघा. टक् वाजून चाप पुढेच राहिला तर तो सिंगल सेट. विंचेस्टरच्या रायफलींत तो ऑर्डरप्रमाणे मिळायचा, काही ब्रिटिश रायफलींतही दिसतो. तो न ढकलता ओढला तर साध्या चापासारखाच, थोडा जड चालतो.

साधी फौजी मार्टिनी-हेन्री, म्हणजे ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये घेतलेली, किंवा त्याआधीची स्नायडर यांना सेट ट्रिगर नसतोच. 'मार्टिनीचा सेट ट्रिगर बिघडलाय' असं कुणी म्हणालं तर दोनच शक्यता: एकतर ती जर्मन-स्विस धाटणीची निशाणबाजीची मार्टिनी आहे, नाहीतर चाप हलका करायला कुणीतरी कानस चालवलेली फौजी रायफल आहे. दुसऱ्या प्रकाराला खालचा एकही उपाय लागू नाही. तिथे नवा भागच लागतो.

दोन चाप असतील तर पुढची परीक्षा महत्त्वाची, कारण निम्म्या तक्रारी इथेच निकालात निघतात. मागचा चाप न ओढता घोडा चढवा. घोडा वर राहत नसेल तर चाप एकेरी टप्प्याचा असू शकतो. या बनावटीत सेट न केलेला किकर (मागच्या चापाचा वरचा दांडा) सिअरला (चढवलेला घोडा खाचेत धरून ठेवणाऱ्या तुकड्याला) वर ढकलून धरतो, त्यामुळे सिअर खाचेत उतरूच शकत नाही. आधी मागचा चाप ओढायचा, मग घोडा चढवायचा, हीच त्याची रीत. यात बिघाड काहीच नाही, आणि तरीही याच 'बिघाडा'साठी असंख्य चांगल्या सिअरवर कानस फिरलेली आहे. सेट न करता घोडा टिकत असेल आणि पुढचा चाप जोर लावून ओढल्यावर पडतही असेल, तर तो दुहेरी टप्प्याचा. त्याचा न सेट केलेला ओढ जड असतो, दोन-तीन किलोंपर्यंतही जातो. तोही दोष नव्हे.

घोडा टिकत नाही आणि मागचा चाप ओढल्यावरही टिकत नाही, तेव्हा मात्र खरा बिघाड.

तिसरी जात म्हणजे जर्मन शुट्झन (निशाणबाजीच्या) रायफलींतला अनेक तरफांचा श्टेचर, म्हणजे जर्मन सेट ट्रिगर. जर्मनीतल्या झूल गावच्या हेनेल कारखान्याची आइट पद्धतीची रायफल हे त्याचं ओळखीचं उदाहरण. पुढचा चाप सुईसारखा बारीक, आत तरफांची साखळी, ओढ काही ग्रॅमांचा. असा संच पट्टीवरून (चाप ज्यावर बसतात त्या लोखंडी पट्टीवरून) काढून केरोसिनमध्ये बुडवून धुवा, वाळवा, बस. त्याच्या पिना काढू नका. तरफांची लांबी एकमेकींशी जुळवलेली असते आणि एक पिन सैल झाली तरी सगळी साखळी बेभरवशाची होते.

आत काय असतं

पट्टीवर दोन चाप, दोघांना वेगवेगळी आडवी पिन. मागच्या चापाचा वरचा दांडा पुढे गेलेला असतो, त्याला किकर म्हणू. त्याच्याखाली जाड, पोलादी पानाची मुख्य स्प्रिंग. मागचा चाप ओढला की किकर स्प्रिंगविरुद्ध खाली दबतो आणि पुढच्या चापाचा हुक त्याच्या खाचेत अडकतो. पुढच्या चापाला स्पर्श झाला की हुक सुटतो, स्प्रिंग किकरला वर फेकते, किकर सिअरच्या दांड्यावर आपटतो, सिअर घोड्याच्या खाचेतून उचलला जातो. उंदराच्या सापळ्याचंच तत्त्व. हुक नेहमी अडकवण्याच्या बाजूला राहावा म्हणून पुढच्या चापाला एक अगदी नाजूक परत-स्प्रिंग असते. दोन चापांमधला बारीक स्क्रू हुक खाचेत किती खोल जाईल तेवढंच ठरवतो. तो स्प्रिंगची ताकद वाढवत नाही, किकरची उंची बदलत नाही, लाकूड आकसलेलं भरून काढत नाही.

मुख्य स्प्रिंग धरणारा स्क्रू वेगळा. तो काही पट्ट्यांत ताण कमी-जास्त करायलाही वापरतात. या दोन स्क्रूंची गल्लत करू नका.

किकरचा मार क्षणाचा असतो. साध्या चापात बोट सिअरला वर धरून ठेवतं, इथे किकर आपटून मोकळा होतो आणि सिअर आपल्या स्प्रिंगने लगेच खाली यायला बघतो. तेवढ्यात घोडा खाली येत असतो आणि त्याची अर्धी खाच सिअरच्या नाकासमोर येते. नाक तिथे अडकू नये म्हणून टंबलरमध्ये, म्हणजे घोड्याला जोडलेल्या खाचांच्या तुकड्यात (काही रायफलींत घोड्यातच), एक सुटा, डुलणारा तुकडा असतो. हाच फ्लाय. तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नसतो, उघडताना नकळत निसटतो, फरशीवर पडतो आणि झाडूबरोबर जातो. जुन्या दुरुस्त्यांमधली सगळ्यात जास्त हरवलेली वस्तू हीच.

लक्षणावरून कारण

मागचा चाप धरतच नाही. पहिला संशय घट्ट झालेल्या तेलावर. करडई आणि जवसाचं तेल हवेत वाळून वार्निशसारखं होतं. त्यात हळद मिसळली की पिवळट तपकिरी, चिवट थर बनतो आणि पुढच्या चापाचा हुक हलतच नाही. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं, त्यामुळे सकाळी धरत नाही आणि दुपारी धरतो. असं वेळेप्रमाणे बदलत असेल तर पुढे काही शोधू नका, खोबरेलच आहे. तेल स्वच्छ असूनही धरत नसेल तर परत-स्प्रिंग तुटली आहे किंवा चुकीच्या बाजूला बसली आहे. तीही ठीक असेल तर बारीक स्क्रू जास्त आत गेलाय आणि हुकाला खाचेत येऊ देत नाही. हुकाची धार गोल झाली असणं हे शेवटचं कारण.

धरतो, पण धक्क्याने सुटतो. हुक जेमतेम टेकलाय. स्क्रू पाव फेरा बाहेर. तरीही सुटत असेल तर पिन आणि चापाचं भोक झिजून सैल झालंय. चाप दोन बोटांत धरून आडवा हलवला की कळतं. भोकाला तांब्या-पितळेचा ठोकून बसवलेला तुकडा चालत नाही. भोक रीमरने गोल करून त्याच मापाची पोलादी पिन करावी.

टक् वाजतं, घोडा हलत नाही. किकरचा मार सिअरपर्यंत पोहोचत नाही किंवा कमी पडतो. शार्प्ससारख्या ज्या रायफलींत चापाची पट्टी लाकडात खालून बसते आणि लॉक (घोडा आणि सिअरचं यंत्र) बाजूने, तिथे लाकूड फुगलं की पट्टी सिअरपासून दूर जाते. पाटणच्या पावसाळ्यातला हाच नेहमीचा प्रकार. लाकडाची वाढ आडवी, तंतूंच्या विरुद्ध दिशेने होते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणूनच लॉक आणि नळी जागच्या जागी राहतात आणि चापाचं अंतर तेवढं बिघडतं. घट्ट तेल किंवा चापाची बाजू फुगलेल्या लाकडाला घासणं हीदेखील कारणं असतात. चापाच्या कडेला चकाकता पट्टा आणि समोरच्या लाकडाला काळा डाग दिसला की घासतंय असं समजा. विंचेस्टर १८८५ मध्ये चाप खालच्या लोखंडी टँगमध्ये (ब्रीचमागे गेलेल्या पट्टीत), रेमिंग्टन रोलिंग ब्लॉकमध्ये लोखंडी गार्ड प्लेटमध्ये आणि बॅलर्डमध्ये दुभागलेल्या ब्रीच ब्लॉकच्या पोटात असतात. त्यांना लाकडाच्या फुगण्याचा त्रास नगण्य. तिथे तेल, स्प्रिंग आणि फ्लाय बघा.

घोडा अर्ध्या खाचेत अडकतो. कारण फ्लाय: तो हरवलाय, अडकलाय किंवा उलटा बसलाय. स्प्रिंग कमकुवत असली तरी क्वचित असं होतं, पण आधी फ्लाय. हे लक्षण दिसलं की रायफल लगेच बाजूला ठेवा. प्रत्येक वेळी सिअरचं नाक अर्ध्या खाचेच्या ओठावर आदळतं. दोन-चार वेळात नाकाचा टवका उडतो आणि मग काम मोठं होतं.

उन्हाळ्यात पट्टीचे स्क्रू सैल लागले म्हणून आवळले आणि तेव्हापासून घोडा टिकत नाही: लाकूड आकसलंय, पट्टी आत गेली आहे आणि किकर कायम सिअरला टेकतोय. एकेरी टप्प्याच्या चापात सेट केल्यावर आणि दुहेरीत न सेट करताही किकर आणि सिअरमध्ये फट हवी. फीलर गेजचं ०.२ मिमीचं पान मोकळं सरकलं पाहिजे. नसेल तर पट्टीखाली दोन्ही टोकांना शिम (फट राखणारा पातळ तुकडा) द्या. कडक कागद किंवा पितळी शिम चालते. मूळ लाकूड मात्र कोरू नका. पावसाळ्यात हीच शिम काढावी लागेल, म्हणून चिकटवू नका आणि पेटीतल्या कार्डावर लिहून ठेवा.

सांगली-मिरजेच्या नदीकाठच्या घरांतल्या रायफलींना एक वेगळी परीक्षा द्यावी लागते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, त्याआधी २००५ आणि नंतर २०२१ चा पूर. पाण्यात राहिलेल्या रायफलीत काळ्या मातीचा इतका बारीक गाळ जातो की तो पिनेच्या भोकातही बसतो आणि वरून तेल घातलं की त्याचं घासकाम सुरू होतं. अशा नगावर तेल घालायचं नाही. आधी पूर्ण उघडायचं, स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, लगेच केरोसिन, मग वाळवणं. लाकूड उन्हात नाही. सावलीत, वारं लागेल अशा जागी, काही आठवडे. घाईत वाळवलेला दस्ता पट्टीच्या खाचेपाशीच तडकतो.

खोलणे

आधी सेट उतरवा. घोडा अंगठ्याने घट्ट धरून ठेवा. दुसऱ्या हाताच्या एका बोटाने मागचा चाप पूर्ण मागे ओढून धरा, दुसऱ्या बोटाने पुढचा दाबा, मग मागचा चाप हळूहळू पुढे येऊ द्या. किकर सावकाश वर येतो. एकेरी टप्प्यात त्याच वेळी सिअर उचलला जाऊन घोडा सुटतो, म्हणून अंगठ्याची पकड ढिली करायची नाही. घोडा आत लपलेल्या फॉलिंग ब्लॉक (ब्रीचचा ठोकळा खाली सरकणाऱ्या) रायफलीत हे सगळं ब्रीच उघडून.

स्क्रू ड्रायव्हरचं पातं स्क्रूच्या खाचेत तळापर्यंत आणि काठोकाठ बसलं पाहिजे. जुन्या ब्रिटिश स्क्रूंच्या खाचा फार अरुंद असतात. बाजारातला पाचरीसारखा ड्रायव्हर वरच्या वर फिरतो आणि खाच सोलून काढतो. पातं ग्राइंडरवर दोन्ही बाजूंनी समांतर करून घ्या. न हलणाऱ्या स्क्रूवर पेनिट्रेटिंग तेलाचा एक थेंब, रात्रभर थांबा, मग ड्रायव्हर बसवून त्याच्या मागे लाकडी हातोडीने हलके ठोके. स्क्रू मोडून काढायची वेळ आलीच तर कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या टर्नरला आधी बजावून सांगा: एम-३ चा टॅप फिरवायचा नाही. जुन्या ब्रिटिश-अमेरिकन रायफलींचे आटे मेट्रिक नाहीत. आटे मोजून तसाच स्क्रू लेथवर काढणं त्याला सहज जमतं. घाईत टॅप फिरवणं त्याहून सोपं, एवढीच अडचण.

पिना कोणत्या बाजूने निघतात त्याला एकच नियम नाही. काहींचं एक टोक किंचित जाड असतं. दोन्ही टोकं भिंगातून बघा, जाड टोकाच्या बाजूने बाहेर काढा, मार्करने खूण करा. पंच पिनेपेक्षा थोडा बारीक, सपाट टोकाचा. खिळा ठोकून पिन काढू नका, भोकाची कड उमलते. व्ही आकाराच्या स्प्रिंगला पकड लावायची नाही, स्प्रिंग व्हाइसनेच दाबायची. पकडीच्या दातांचा एक ओरखडा म्हणजे पुढच्या तुटण्याची सुरुवात.

लॉक उघडताना पांढऱ्या ताटलीत, खाली जुनं पांढरं कापड अंथरून काम करा. फ्लाय निघाला की काचेच्या लहान बाटलीत, वर चिठ्ठी. निघण्याआधी तो कोणत्या बाजूला झुकलेला होता त्याचा फोटो काढा. नंतर वादाला जागा राहत नाही.

स्वच्छतेला केरोसिन आणि दात घासायचा मऊ ब्रश. वाळलेलं करडईचं तेल रात्रभर भिजल्याशिवाय सुटत नाही. हुक, खाच आणि सिअरच्या नाकाला ऑइल स्टोन, पॉलिश पेपर काहीही लावू नका. या भागांचा वरचा कठीण थर फार पातळ असतो, खाली मऊ लोखंड. थर घासला गेला की आज लोण्यासारखा चालणारा चाप महिन्याभरात आपोआप सुटायला लागतो.

तुटलेली पानाची स्प्रिंग नवी करायची असेल तर उच्च कार्बनचं स्प्रिंग पोलाद घ्या. मऊ करून आकार द्या, कानशीचे आणि पॉलिशचे ओरखडे लांबीच्या दिशेनेच ठेवा; आडवा ओरखडा म्हणजे तडा. चेरीसारखा लाल, साधारण ८०० अंश, तेलात बुडवा. मग चकचकीत करून २९० ते ३२० अंशांना निळा रंग येईपर्यंत परत तापवा. रंग एकसारखा आला पाहिजे, टोकाला निळा आणि मध्ये पिवळा राहिला तर ती मध्येच मोडेल.

परत बसवणे

१. पट्टी रिकामी, स्वच्छ. मागचा चाप एकटा पिनेवर बसवा. पट्टी उलटीसुलटी केल्यावर तो स्वतःच्या वजनाने डोलला पाहिजे. अडला तर पिन वाकडी आहे किंवा भोकात थर आहे. स्प्रिंग लावून हा दोष झाकू नका.

२. पुढचा चाप आणि परत-स्प्रिंग. पिन घालताना सगळी भोकं एका रेषेत येत नाहीत, म्हणून आधी पितळी सळईची किंचित बारीक तात्पुरती पिन घाला, मग खरी पिन तिच्या मागून सारा. ती तात्पुरतीला बाहेर ढकलत आत येते.

३. मुख्य स्प्रिंग अजून नाही. बारीक स्क्रू पूर्ण बाहेर घ्या. किकर बोटाने दाबा, हुक खाचेत पडतो का बघा. इथे टक् ऐकू आलं नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही, परत-स्प्रिंगकडे या.

४. मुख्य स्प्रिंग किकरखाली सरकवा, स्क्रू थोडे आटे लावा. आता पट्टी हातात असताना सेट करून पुढचा चाप दाबायचा असेल तर किकरवर मऊ लाकडाचा तुकडा धरा. समोर सिअर नसताना किकर मोकळा आपटला तर पिन वाकते.

५. लॉकमध्ये फ्लाय, मग ब्रिडल (टंबलरला जागेवर धरणारी पट्टी). ब्रिडलचे स्क्रू पूर्ण आवळल्यावर टंबलर हातात तिरका करून बघा: फ्लाय एका बाजूला झुकवल्यावर अर्धी खाच झाकतो, दुसरीकडे झुकवल्यावर उघडतो, आणि हे निव्वळ वजनाने होतं. घोडा खाली जाताना सिअरचं नाक त्याला ढकलून खाचेवरून सरकतं. चढवताना तो मागे जातो आणि अर्धी खाच मोकळी राहते. तेल लावू नका. कोरडा फ्लाय डुलतो, तेलातला चिकटतो.

६. लॉक लाकडात. पट्टी अजून बाहेर. घोडा अर्धा, पूर्ण चढवा. दोन्ही खाचा स्वच्छ धरतात का? इथे धरत नसतील तर दोष लॉकचा आहे, सेट ट्रिगरचा नाही.

७. पट्टी बसवा. पुढचा आणि मागचा स्क्रू आळीपाळीने, पाव-पाव फेरा. प्रत्येक दोन फेऱ्यांनी घोडा चढवून बघा. ज्या क्षणी घोडा टिकणं बंद होतं, तिथून मागे या आणि शिमचा विचार करा.

८. आता कुठे बारीक स्क्रू. सेट करा, स्क्रू हलकेच आत घ्या, तो टेकल्याची जाणीव होते. तिथून आणखी एक अष्टमांश फेरा, आणि प्रत्येक वेळी नव्याने सेट करून ओढ मोजा. माशांचा वजनकाटा किंवा साधा स्प्रिंगकाटा पुढच्या चापाच्या मध्यावर अडकवून १५० ते २५० ग्रॅम मिळाले की थांबा. शंभराखाली नेण्याची हौस जुन्या, झिजलेल्या हुकावर करू नये.

चिकटवण्याचं द्रव स्क्रूच्या आट्यांत घालायची सवय अलीकडे आली आहे. या जागी नको. ते वाहत जाऊन हुकापर्यंत पोहोचतं.

वंगण म्हणजे शिलाई मशीनचं तेल, शिवणाच्या सुईच्या टोकावर राहील तेवढं, दोन्ही पिनांना आणि किकरच्या टोकाला. ग्रीस नाही, खोबरेल नाही, घाण्याचं तर नाहीच. खंडेनवमीला पूजा अवश्य करावी, हळद-कुंकू दस्त्याला आणि नळीला लावावं, चापाच्या फटीवर तेवढ्यापुरती कागदाची पट्टी लावून ठेवावी.

शेवटची तपासणी

चेंबर रिकामं, स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) आत. बाहेरचा घोडा असेल तर निपल किंवा फायरिंग पिनेपुढे कातड्याचा जाड तुकडा. सेट करून घोडा चढवा. दस्त्याचा तळ रबरी मॅटवर दोन इंचांवरून सरळ सोडा, पाच वेळा. बाजूने तळहाताने चार ठोके. एकदाही सुटला तर स्क्रू पाव फेरा बाहेर आणि सगळं पुन्हा. मग सेट करून दहा वेळा चाप ओढा. घोडा दहाही वेळा थेट खालपर्यंत जायला हवा. अर्ध्या खाचेला एकदा जरी घासल्याचा आवाज आला तरी लॉक परत उघडा.

निशाण धरल्याशिवाय सेट करायचं नाही, हेही मालकाला सांगा. आधी सेट करून मग ब्रीच बंद केली तर बंद होतानाच्या धक्क्यानेही हुक सुटू शकतो.

ठेवताना सेट उतरवलेला, घोडा खाली. निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा करायची असेल तर द्यायच्या आधी आणि परत मिळाल्यावर चापाचे फोटो काढा. आणि पेटीत एक कार्ड ठेवा: एकेरी की दुहेरी टप्पा, शिम आहे की नाही आणि कोणत्या महिन्यात घातली, ओढ किती ग्रॅम, कोणतं तेल. पुढच्या पावसाळ्यात रायफल ज्याच्या हातात येईल त्याने आधी ते वाचावं, मगच ड्रायव्हर उचलावा.